मामाच्या इंजिनाची सुई

छप्पन्न वर्षांची झाली तरी तिला घरात सगळे धाकटीच म्हणत. सगळे म्हणजे खरं तर आता एकटी ताईच उरली होती. पण ताई एकटी असली तरी दहा जणांना पुरून उरेल अशी होती. चौतीस वर्षं शाळेत पीटी शिकवून ती निवृत्त झाली होती. मैदानाच्या पार त्या टोकाच्या पोरांना ऐकू जावा म्हणून कमावलेला तिचा आवाज मात्र निवृत्त व्हायला तयार नव्हता.

धाकटीचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, इमारतीच्या जिन्याखालची जागा. पुढे काउंटर, मागे लांब फळी, फळीवर टाके गाळणारी, दोरा तोडणारी, नुसतीच खडखडणारी मशीनं रांगेत बसलेली. मागच्या दारातून बाहेर पडलं की फरशी घातलेलं हातभर अंगण. दोघी बहिणी वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत, आणि ताई दिवसातून दहादा खाली येऊन धाकटीला कामातलं काहीतरी शिकवून जाई. ताईला स्वतःला साधं बटण लावता येत नसे, ती गोष्ट वेगळी.

एका सोमवारी सकाळी ताई आली ती काही न बोलता. धाकटीला तेव्हाच कळलं की काहीतरी बिनसलंय. ताईने हातरुमालात गुंडाळलेली वस्तू काउंटरवर ठेवली आणि रुमाल उलगडला.

मामाचं इंजिन. मुठीत मावेल एवढं, वर बारीक कल्ल्यांचं डोकं, पुढे दांडा, बाजूला इंधन कमीजास्त करायची गुंडीसारखी एक सुई. सगळ्यावर तपकिरी, चिवट थर चढलेला.

"तो म्हणतो, हे मेलंय," ताई म्हणाली.

"तो म्हणजे कोण?"

"सेक्रेटरी."

नदीकाठच्या मैदानावर तारेवरची विमानं उडवणाऱ्यांचा एक क्लब होता, आणि सेक्रेटरी त्याचे सर्वेसर्वा. पूर्वी बस डेपोत मेकॅनिक होते. ही विमानं रेडिओवर नाही चालत. मधे माणूस मूठ धरून उभा राहतो, मुठीपासून विमानापर्यंत पन्नास फुटांच्या दोन बारीक तारा जातात, आणि विमान त्या माणसाभोवती गरगर फिरतं. मूठ वर वाकवली की विमान वर, खाली वाकवली की खाली. मामाने आयुष्यभर हाच एक नाद केला. ताईला त्याने दहाव्या वर्षी उडवायला शिकवलं. धाकटी तेव्हा चार वर्षांची. तिच्या वाट्याला विमान धरून बसायचं काम आलं. इंजिन सुरू झालं की शेपटी धरायची, मामाने हात वर केला की सोडायची. पुढे ती आठ वर्षांची झाली, बारा वर्षांची झाली, पण धरायचं काम काही सुटलं नाही. इंजिनाचं तेल उडून फ्रॉकवर डाग पडत आणि आईची बोलणी धाकटीला बसत. मग मामा गेला, विमान ताईच्या पलंगावरच्या भिंतीला टांगलं गेलं आणि इंजिन कपाटात. या गोष्टीला झाली एकतीस वर्षं.

तीन आठवड्यांनी क्लबचा वार्षिक दिवस होता. त्या दिवशी कोणीही आपलं विमान आणावं, वीस फेऱ्या न पडता पुऱ्या कराव्यात, आणि क्लबच्या वहीत नाव घालावं, असा नियम. ताईने ते वाचलं आणि तिच्या डोक्यात मामाचं विमान शिरलं. ती इंजिन घेऊन सेक्रेटरींकडे गेली. त्यांनी दांडा पकडीने फिरवून पाहिला, तो तसूभर हलला नाही. "जाम झालंय बाई. आत सगळं एकजीव झालं असणार. आता कागदांवर ठेवा, उडायचे नाहीत," असं म्हणून ते आपल्याच विनोदावर हसले होते.

धाकटीने इंजिन उचललं. दांड्यावर पकडीचे ताजे दात उमटले होते; त्यांच्यावरून तिने अंगठा फिरवला. मग तिने इंजिन नाकाशी नेलं.

"एरंडेल," ती म्हणाली.

"मामा इंधनात घालायचा ना."

"जाम नाही झालंय ताई. चिकटलंय. परवाच त्या शिंपीणबाईंचं मशीन आलं होतं ना, चाक फिरेना म्हणून? आत कोणीतरी खोबरेल ओतलेलं. वर्षानुवर्षं पडून त्याचा डिंक झाला. हे तेच आहे. फक्त इथे एरंडेलाचा डिंक."

"मग हातोडीने—"

"हातोडीचं नाव काढलंस तर वर पाठवीन."

ताई एक पाऊल मागे सरकली. ती अंमळ घाबरलेली होती, म्हणून.

धाकटीने गिऱ्हाइकांचे कपडे दाबायची जुनी जड इस्त्री काढली, दोन विटांच्या मधे उताणी बसवली आणि सुरू केली. इंजिनाच्या डोक्यातला प्लग काढून त्या भोकात तिने मशीनच्या पातळ तेलाचे चार थेंब सोडले, आणि इंजिन इस्त्रीच्या पोटावर ठेवलं. पाचच मिनिटांत जिन्याखाली तो वास पसरला. ताईचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा व्हायला हवा होता. पण तिने डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला. "मामाच्या खोलीचा वास," ती म्हणाली.

तपकिरी थर घाम आल्यासारखा पाझरू लागला. धाकटीने फडक्यात धरून इंजिन उचललं, दांड्यावर विमानाचं लाकडी पातं बसवलं, आणि पातं दोन बोटांनी धरून जरासं ढकललं. जोर लावला नाही. मशीनचं चाक अडलं असताना ती जशी विचारपूस केल्यासारखी ढकलायची, तसंच. नाही हललं. पुन्हा इस्त्रीवर. पुन्हा तेल. मधे दोन गिऱ्हाइकं येऊन गेली, एकीच्या मशीनचा पट्टा बदलून झाला. चौथ्या वेळी बोटांना काहीतरी मऊ लागलं, लोण्यात सुरी गेल्यासारखं, आणि पातं पाव फेरा गेलं. मग अर्धा. मग आत कुठेतरी 'फुस्स' असा उसासा टाकून पुरा फेरा.

"हललं!" ताई ओरडली. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या.

इथवर सोपं होतं. खरी परीक्षा पुढेच होती.

धाकटीने इंजिन उघडलं, भाग वाटीत टाकून स्पिरिटने धुतले, पुन्हा जोडलं. प्लगमधली केसाएवढी तार तुटलेली निघाली. ताई क्लबात जाऊन नवा प्लग आणि इंधनाचा डबा घेऊन आली. प्लगला बॅटरीच्या दोन वायरी लावल्या की आतलं वेटोळं केशरी उजळायचं. त्या उजळलेल्या तारेवर इंधन पेटतं, एकदा इंजिन धावायला लागलं की बॅटरी काढून घ्यायची, तार आपल्याच आगीवर लाल राहते. हे धाकटीला माहीत होतं. वर्षानुवर्षं शेपटी धरून बसल्यावर माणूस बघणार तरी काय?

अंगणातल्या टेबलाला तिने एक फळी शिकंज्याने आवळली, फळीवर इंजिन स्क्रूने बसवलं, मागे इवलीशी टाकी. ताईने शिट्टी तेवढी गळ्यात अडकवली नव्हती.

"सुई आधी पूर्ण बंद कर. आता तीन फेरे उघड. आता दोन थेंब त्या भोकात. आता मार!"

धाकटीने पात्याला बोटाने झटका दिला. इंजिनाने उलट झटका दिला. धाकटी "आई गं" म्हणत अंगणात दोन गिरक्या घेऊन आली. तर्जनी टम्म सुजली. तिने पाण्याच्या नळीचा वीतभर तुकडा एका काठीवर चढवला आणि पुढचे झटके त्या काठीने दिले. बाविसाव्या झटक्याला इंजिन कर्रर्र करून सुरू झालं, तीन क्षण किंचाळलं, आणि मेलं.

पुन्हा दोन थेंब, पुन्हा झटका, पुन्हा तीन क्षण.

मंगळवारी तेच झालं आणि बुधवारी तेच. ताई म्हणे सुई आणखी उघड, उघडली. ताई म्हणे आता बंद कर, केली. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर गॅलरीत खुर्ची टाकून बसू लागले आणि दर वेळी इंजिन मेलं की "अरेरे" म्हणू लागले. शेवटी गुरुवारी ताईने पुढे होऊन सुईलाच हात घातला.

"तुला जमत नसेल तर सरक, मी बघते."

धाकटीने काठी टेबलावर ठेवली. मोठ्याने बोलायची तिला सवय नव्हती, म्हणून ती हळूच म्हणाली, "ताई, शिकवायचं असेल तर शिकव, पण माझ्या मशीनला हात लावू नकोस. दुकानात मी कोणालाच लावू देत नाही."

ताईचा हात हवेतच थांबला. तिच्याशी असं कोणी बोललेलं बहुधा तिला आठवत नसावं. ती दारातल्या स्टुलावर जाऊन बसली, आणि पहिल्यांदाच अंगणात शांतता झाली. त्या शांततेत धाकटीला विचार करता आला.

थेंब टाकले की पेटतं. म्हणजे प्लग ठीक. थेंब संपले की मरतं. म्हणजे टाकीतून इंधन येत नाही. इंजिन इंधन ओढतं कशाने? आतल्या ओढीने. मग ओढ कुठे फुटते? दोऱ्याचा ताण सुटला की ती कधी ताणाचा स्क्रू पिळत बसत नसे. आधी दोरा कुठून निसटलाय ते बघे. तिने इंजिनाच्या पाठीमागच्या झाकणाच्या कडेवर तेलाचा एक थेंब ठेवला आणि पातं हळूच फिरवलं. थेंबात एक बुडबुडा आला. पुन्हा फिरवलं. पुन्हा बुडबुडा.

"हवा खातंय," ती म्हणाली.

झाकणाखालचं कागदी चकतीसारखं गॅस्केट एकतीस वर्षांत वाळून कुरकुरीत झालं होतं, उघडताना चिरलं होतं. धाकटी आत गेली. कपडे बेतायचा खाकी कागद फळीखाली गुंडाळीने पडला होता. तिने झाकण कागदावर ठेवून टोकदार पेन्सिलीने आखलं, बारीक कात्रीने गोल कापला, चार भोकं सुईने पाडली, कागद तेलात भिजवला आणि बसवून स्क्रू आडवेतिडवे, थोडे थोडे आवळले. तेलाचा थेंब ठेवून पातं फिरवलं. थेंब गपगार.

दोन थेंब. बॅटरी. झटका.

इंजिन सुरू झालं, आणि तीन क्षण गेले, आणि पाच, आणि दहा. बद्द, जास्त इंधनाने ओला, अडखळता आवाज, मागून निळा धूर, टेबलभर तेलाचे शिंतोडे. धाकटीने वायरी काढून घेतल्या. चालूच! तिने सुई अगदी एक टिचकी आत घेतली. आवाज जरा सावरला. आणखी एक टिचकी. अडखळणं गेलं, खर्जातून आवाज एकदम वर चढला आणि चाकू धारेला लावल्यासारखा सरळ झाला. गॅलरीतले पोस्टमास्तर उभे राहून टाळ्या वाजवू लागले. कोणाच्या तरी पातेल्याचं झाकण फरशीवर पडलं.

"घे अजून आत!" ताई ओरडली.

"नाही," धाकटीही ओरडली, आणि सुई उलट बाहेर घेतली, आवाज पुन्हा ओला होईपर्यंत. "वर गेल्यावर आपोआप आवळतं ते. मामा खाली नेहमी थोडं ओलंच ठेवायचा. तू मधे उभी असायचीस, तुला ऐकू यायचं नाही. मी शेजारी बसायचे."

डोळ्यांत धूर गेल्यासारखं करून ताईने चष्मा पुसला.

शनिवारी ताईने सराव सुरू केला. अंगणात मधोमध उभं राहून, हातात दोरी, दोरीच्या टोकाला पाण्याची अर्धी बाटली, आणि डाव्या हाताकडे गोल फिरायचं. धाकटी आत एका मशीनची नाडी तपासत होती. चौथ्या-पाचव्या फेरीला बाटली दाणकन भिंतीवर आदळली. ती बाहेर आली तेव्हा ताई फरशीवर बसली होती, दोन्ही तळहात जमिनीला टेकलेले, जणू जमीन निसटून जाईल.

"काय झालं?"

"काही नाही. पाय घसरला."

"ताई."

ताई फरशीकडे बघतच म्हणाली, "वर्ष झालं. मान वळवली की सगळं फिरतं. कानातलं काहीतरी आहे म्हणे. डॉक्टर म्हणाला, जिना जपून उतरा. मी म्हटलं, जिना काय, अजून विमान उडवते. उडवते कसली. पाच फेऱ्यासुद्धा होत नाहीत गं."

धाकटीने तिला बखोटीला धरून उठवलं, स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. अंगणात वाळत घातलेले टॉवेल हलत होते. ताई एवढीशी दिसत होती. आणि मग धाकटीच्या तोंडून ते निघून गेलं, आधी ठरवलं असतं तर निघालं नसतं:

"मग मूठ मी धरते."

"तू?"

"का? मी नाही फिरू शकत?"

ताईने तिच्याकडे पाहिलं. मापं घ्यायची सवय धाकटीला, पण त्या क्षणी ताईने तिचं माप घेतलं. पीटीच्या बाईने नव्या पोरीचं घ्यावं तसं, पायांपासून खांद्यापर्यंत.

"पाय जुळवून उभी राहा," ती म्हणाली. "नाही, नाही, इतके नाही. गुडघे सैल. फिरायचं टाचांवर नाही, छोटी पावलं टाकत. नजर फक्त विमानावर. मागचं जग फिरू दे, त्याच्याकडे बघायचंच नाही. मनगट घट्ट, सगळी हालचाल कोपरातून. फिर!"

पुढचे दोन आठवडे पीटीच्या बाईंनी धाकटीचा घाम काढला. सकाळी दुकान उघडायच्या आधी शंभर फेऱ्या, संध्याकाळी दुकान मिटल्यावर शंभर. पहिल्या दिवशी धाकटी ओकली. तिसऱ्या दिवशी जेवली. सहाव्या दिवशी फिरता फिरता गिऱ्हाइकाला "चार वाजता न्या" असं सांगू लागली.

पण बाटली म्हणजे विमान नव्हे. रविवारी ताई तिला घेऊन मैदानावर गेली आणि सेक्रेटरींसमोर उभी राहिली. "हिला तुमच्या शिकाऊ विमानावर घ्या."

सेक्रेटरी वहीत काहीतरी लिहीत होते. "इंजिन मेलंय ना पण तुमचं?"

"चालतं," धाकटी म्हणाली.

"कसं?"

"हवा खात होतं. गॅस्केट बदललं."

सेक्रेटरींनी पेन खाली ठेवलं. "जाम होतं ना?"

"चिकटलं होतं. जाम वेगळं आणि चिकटलेलं वेगळं." मग राहवेना म्हणून तिने जोडलं, "आणि दांड्याला पकड लावताना मधे फडकं धरायचं असतं."

क्षणभर ताईलाही वाटलं, आता संपलं. सेक्रेटरींचे कान लाल झाले. पण माणूस डेपोत पस्तीस वर्षं घालवलेला होता. चूक दाखवली की चूक ओळखायचा. ते उठले, ठिगळांनी भरलेलं एक जाड विमान शेडमधून काढलं आणि म्हणाले, "या."

पहिल्या वेळी मुठीवर दोघांचे हात होते. विमान सुटलं तशी तारांनी अशी ओढ दिली की धाकटी पाऊलभर पुढे खेचली गेली. पन्नास फुटांवरचं ते गुरगुरणारं जनावर तिच्या हाताला हिसडे देत होतं, आणि मूठ जरा वाकली की ते वर उसळायचं. "सोडा, सोडा, हात सैल," सेक्रेटरी पुटपुटत होते. बुधवारी त्यांनी आपला हात काढून घेतला. सातव्या फेरीला धाकटीने ते विमान नाकावर आपटलं. तिला वाटलं, आता हाकलतील. सेक्रेटरींनी मोडकं नाक उचललं, डिंक काढला, म्हणाले, "याचं हे अठ्ठाविसावं नाक. चला, वाळेपर्यंत पुन्हा सगळं सांगतो." शुक्रवारी तिने टाकी संपेपर्यंत उडवलं.

आणि वार्षिक दिवस उजाडला.

मैदानावर साठ-सत्तर माणसं होती, दोऱ्या बांधून गोल आखलेला, कडेला टेबलावर ती वही. मामाचं विमान भिंतीवरून उतरून आलं होतं. लाल पंख, पिवळी शेपटी, पंखांवरचा कागद ताईने रात्रंदिवस नव्हे पण चांगले चार दिवस खपून नव्याने डकवलेला. धाकटीने टाकी भरली, दोन थेंब टाकले, काठीने झटका दिला. पहिल्याच झटक्याला इंजिन बोललं. तिने वायरी काढल्या, सुई आत घेतली, आवाज सरळ झाला, मग पुन्हा दोन टिचक्या बाहेर. ओला, खर्जातला आवाज. निळा धूर.

गर्दीतला एक जण म्हणाला, "अजून आवळा, नाहीतर वर जाऊन बंद पडेल ते!"

धाकटीने सेक्रेटरींकडे पाहिलं. त्यांनीही भुवया वर केल्या. त्यांनाही ओलंच वाटत होतं. धाकटीने विमान उचललं आणि नाक आभाळाकडे केलं. आवाज खर्जातून निघाला, चढला, स्वच्छ झाला आणि तिथेच टिकला. नाक खाली केलं, पुन्हा खर्ज. सेक्रेटरींनी गर्दीकडे वळून हात दाखवला, "बास. बरोबर आहे ते."

शेपटी धरायला ताई बसली. गुडघे टेकून, पांढऱ्याशुभ्र बुटांसकट. इंजिनाने तिच्या तोंडावर, चष्म्यावर, बुटांवर तेलाची पिचकारी मारली आणि ताई हूं की चूं न करता बसून राहिली. धाकटी गोलाच्या मधे चालत गेली. मूठ उचलली, वर वाकवली, खाली वाकवली. लांबवर विमानाच्या शेपटीने मान डोलावली. मग तिने दुसरा हात वर केला.

ताईने सोडलं.

विमान गवतावरून दहा पावलं धावलं आणि उठलं. ताराही उठल्या, ताणल्या, मुठीत जीव आला. आणि हवेत जाताच इंजिनाचा तो ओला आवाज आपसूक आवळला, एक लांबलचक, भरलेला सूर, जो धाकटीने चार वर्षांची असताना ऐकला होता पण बाजूने, कधी मधून नाही. मधून तो वेगळाच ऐकू येत होता. चारी बाजूंनी.

"एक!" ताईचा आवाज नदीपलीकडे गेला. "दोन! तीन!"

गर्दी, शेड, झाडं सगळी मिळून एक रंगीत पट्टा झाली. त्या पट्ट्यासमोर फक्त एक लाल विमान स्थिर होतं. नवव्या फेरीला वारा आडवा लागला, ओढ सैल पडली, विमान आत झुकलं. धाकटीने विचार न करता एक पाऊल मागे टाकलं आणि तारा पुन्हा ताठ झाल्या.

"एकोणीस! वीस!" आणि मग गलका. टाळ्या, शिट्ट्या. नियम पुरा झाला होता. आता नुसतं सरळ फिरवत राहायचं आणि इंधन संपलं की उतरवायचं.

धाकटीला मात्र थांबवेना. सेक्रेटरींनी तिला फक्त सरळ शिकवलं होतं. पण मामा काय काय करायचा ते तिने शेकडो वेळा पाहिलं होतं, शेपटी सोडून गवतावर मांडी घालून. वारा पाठीला घ्यायचा. तिने एक फेरी जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली. वारा मानेला लागला तशी कोपरातून मूठ ओढली.

विमान उभं चढलं. इंजिनाचा सूर चढला, मघाशी नाक वर केल्यावर चढला होता त्याच जागी जाऊन टिकला, जरा अडखळला नाही. लाल पंख डोक्यावर आला, उताणा झाला, पोट आभाळाला दाखवत पलीकडे उतरू लागला. गर्दीतून श्वास ओढल्याचा आवाज आला आणि ताईची मोजणी बंद पडली. जमीन वेगाने वर येत होती. धाकटीने हात सैल केला, विमान पुरुषभर उंचीवर सरळ झालं आणि काहीच न झाल्यासारखं पुढे निघालं.

"अगं बाई!" ताई किंचाळली. "अगं माझी बाई ती!"

आणखी पंधरा फेऱ्या झाल्या. मग इंजिन दोनदा खोकलं आणि थांबलं. सगळीकडे एकदम शांत. पातं उभं राहिलं, तारांतून नुसती हवेची सळसळ येऊ लागली. धाकटीने विमान घरंगळत खाली आणलं. चाकं गवताला लागली, उडी नाही, धक्का नाही, आणि विमान शेपटी टेकून उभं राहिलं.

मग ती स्वतः आडवी झाली. जग अजून फिरत होतं. आभाळ गोल गोल जात होतं आणि ती खदाखदा हसत होती. त्या आभाळात आधी सेक्रेटरींचा चेहरा आला.

"बाई," ते म्हणाले, "माझी तीन इंजिनं कपाटात आहेत. मी त्यांना मेलेली समजत होतो."

"दुकानात आणा," धाकटी आडवी पडूनच म्हणाली. "सोमवार ते शनिवार. आणि पकड घरी ठेवा."

मग ताईचा चेहरा आला. चष्म्यावर तेलाचे ठिपके, गालावर काळा फराटा. तिने हात पुढे केला आणि धाकटीने तो धरून उठायचा प्रयत्न केला. एकीचं जग फिरत होतं म्हणून आणि दुसरीचं नेहमीच फिरायचं म्हणून, दोघी धडपडत एकमेकींना धरून उभ्या राहिल्या.

"मनगट हललं तुझं, विमान उताणं असताना," ताई म्हणाली. "जरासंच." मग मोठा आवाज आणायला गेली, पण आला नाही. "मला कधी जमलं नव्हतं ते. मामाने कितीदा सांगूनही नाही जमलं."

हे धाकटीला माहीत नव्हतं. टेबलावरच्या वहीपाशी लोक तिला हाका मारत होते, सही करा म्हणून. तिने तेलकट हात अॅप्रनला पुसले.

"आलेच म्हणावं," ती म्हणाली. "ताई, तोवर टाकी भर. काठोकाठ."

आणि ताई एक शब्दही न बोलता डब्याकडे धावली.